अंध खेळाडूला तिरंदाज व्हायचंय

पटमांड्या (छत्रपती संभाजीनगर)

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत आणला. त्यानंतर अशा खेळांची रांगच लागली, सगळ्यांना मिळून टेबलटॉप आरपीजी, म्हणजे टेबलावर बसून पात्रं वठवायचे खेळ, म्हणतात. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात, त्यातला एक डीएम, म्हणजे सूत्रधार. तो म्हणतो, "समोर दार आहे, आतून कुणीतरी घोरतंय." बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते सांगतात. जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. कीर्तनात बुवांनी आख्यान लावलंय आणि एक टाळकरी मधेच उठून म्हणाला, "बुवा, हनुमंताच्या जागी मी असतो तर मागच्या दारानं गेलो असतो," आणि बुवांना ते ऐकून पुढची कथा बदलावी लागली, तसं समजा.

आम्ही सहा जण दोन वर्षांपासून रविवारी खेळायलोय. मार्चमध्ये एक नवा गडी आला, जन्मापासून पूर्ण अंध. (याच संस्थळावर आवाजी नावानं लिहितो, त्याला विचारूनच हे टाकतोय.) मी नको तो शहाणपणा केला. तो यायच्या आधीच त्याच्यासाठी पात्र बनवून ठेवलं : अंध साधू, जमिनीच्या कंपनांवरून ज्याला सगळं कळतं. रात्री एकपर्यंत बसून लिहिलं होतं. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे तू ठेव. मला तिरंदाज दे. लई लांबचं दिसणारा."

मी म्हटलं, का रे?

"सोमवार ते शनिवार अंध असतोच की मी. रविवारी पण ड्युटी लावतो का?"

माझी बोलती बंद. वरून आमच्यातला एक डोळस पठ्ठ्या तो कागद वाचून म्हणतो, "मग हा साधू मी घेऊ का? भारी आहे." आता आली का पंचाईत! अंध माणूस गरुडासारखी नजर असलेला तिरंदाज खेळणार आणि डोळस माणूस अंध साधू. दुसरी गोष्ट शोभेल का? आणि तिरंदाज खेळणाऱ्याला मी समोरचं दृश्य सांगायचं तरी कसं? दुसरं प्रकरण कूलरचं, ते आमच्याच टेबलावरचे कान_मशीन स्वतः सांगतील.

नियमावली (पुणे, मूळ लातूर)

पहिल्या प्रश्नाआधी नियम बघू, कारण घोळ तिथंच आहे.

डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत आंधळेपणा ही एक 'अवस्था' आहे, विषबाधा किंवा बेशुद्धीसारखी. दृष्टी लागते अशी प्रत्येक चाचणी आपोआप फसते, तुमचे वार डळमळीत होतात आणि तुमच्यावरचे वार सोपे होतात. कुणी डोळ्यात राख फेकली तर हे बरोबर आहे. पण जन्मभर अंध असलेल्या पात्राला हाच नियम लावला तर तो रोज सकाळी नव्यानं आंधळा झाल्यासारखा वागतो. काठी नाही, सराव नाही, घराच्या पायऱ्यासुद्धा पाठ नाहीत.

गर्प्स नावाचा १९८६ चा खेळ दुसऱ्या टोकाला गेला. तिथं पात्र गुणांवर विकत घ्यायचं. चौथ्या आवृत्तीत अंधत्व म्हणजे उणे ५०, बहिरेपण उणे २०, एक डोळा नसला तर उणे १५. तेवढे गुण हातात शिल्लक पडतात, ते दुसरीकडे खर्चायचे. त्यामुळे आमच्या हॉस्टेलवर प्रत्येक लढवय्या एकाक्ष असायचा. डोळा विकून तलवारबाजी!

डोळस माणसानं अंध पात्र खेळायला माझी हरकत नाही. फुकटात मिळालेली जादूची नजर म्हणून तो ते खेळणार की माणूस म्हणून, एवढाच प्रश्न. ट्रेमरसेन्स (कंपनांवरून सगळं कळण्याची शक्ती) दिला की तो आंधळा राहतच नाही हो, त्याला फक्त चष्मा वेगळा लागतो.

खडूस_काका (जालना)

मला एक कळत नाही. त्या जगात मंत्रानं डोळे येतात. दुसऱ्या पातळीचा 'लेसर रिस्टोरेशन' मारला की आंधळेपण, बहिरेपण गेलं. सातव्या पातळीच्या 'रीजनरेट'नं तुटलेला पाय दोन मिनिटांत परत. मग तिथं कुणी अपंग राहीलच कशाला? आणि या खेळासाठी कुणीतरी नियम केलेली ती लढाऊ व्हीलचेअर म्हणे! भुयारात व्हीलचेअर? काहीही चाललंय. खेळ आहे, खेळासारखा खेळा.

तेरणाकाठ (तेर, जि. धाराशिव)

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या गावात सातशे वर्षांपासून आहे.

गोरोबाकाकांची कथा सगळ्यांना ठाऊक. शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडले, पुढं पंढरपुरात नामदेवांचं कीर्तन चालू असताना टाळी वाजवायला वर केले आणि थोटक्यांना हात फुटले. म्हणजे तुमचा रीजनरेट. कीर्तनात इथंच टाळ्या पडतात.

पण मधला भाग बघा. हात नसताना त्या घरचं चाक कसं फिरलं? विठ्ठल कुंभार बनून तेरला आला आणि माती तुडवायला लागला. मडकी घडली, भाजली, विकली गेली. लहानपणी आजी सांगायची तेव्हा मला हाच भाग आवडायचा. देवाला मंत्र मारून पहिल्याच दिवशी हात देता आले असते की. तो आधी कामाला लागला.

डीएम लोकांना हात फुटण्याचा प्रसंग लिहायची फार हौस असते. माती तुडवायचा प्रसंग कुणी लिहीत नाही.

अवांतर : खलनायक मात्र हमखास अधू. डी अँड डीमधला सगळ्यात मोठा खलपुरुष वेक्ना, एक डोळा नाही, एक हात नाही. आपल्याकडं टीव्हीवरचा शकुनी लंगडतोच, मंथरेला कुबड असतंच. आणि एवढं मोठं अष्टावक्राचं पात्र, आठ ठिकाणी वाकडा देह घेऊन जनकाच्या सभेत पंडितांना गप्प करणारं, ते कुणाच्या कॅम्पेनमध्ये (लांब चालणाऱ्या खेळाच्या कथेत) आलंय का?

चाकवाली (नांदेड)

खडूस काका, साठ फुटी ड्रॅगन त्या भुयारात कुठून शिरला ते आधी सांगा. लुटीचे हंडे आत कसे गेले? डोक्यावरून? जिथं गाडा जातो तिथं खुर्ची जाते.

लढाऊ व्हीलचेअरचे नियम सारा थॉम्पसन यांनी २०२० मध्ये केले आणि सगळ्यांसाठी खुले ठेवले. नंतर एका कंपनीनं खुर्चीवरच्या योद्ध्यांच्या छोट्या मूर्तीही काढल्या. २०२१ मध्ये डी अँड डीच्या अधिकृत पुस्तकात जेनिफर क्रेचमर यांचं एक साहस आलं, त्यातल्या भुयारात पायऱ्यांऐवजी उतार आहेत. लोकांनी नेटवर काय गोंधळ घातला! आगीचे गोळे चालतात, मेलेले उठून चालतात, आणि उतार म्हटलं की वास्तव आठवतं.

मला मात्र ती लढाऊ खुर्ची आपली वाटत नाही, खरं सांगते. फार गुळगुळीत आहे. माझ्या पात्राची तीनचाकी आहे, हातानं पॅडल मारायची, आपल्याकडं शिबिरात वाटतात तसली. पावसाळ्यात काळ्या रानातून ती न्यायची म्हणजे काय ते ज्यानं नेली त्यालाच कळतं. दहा हात गेलं की चाकाला चिखलाचा टायर चढतो, मडगार्डमध्ये बसतो, चाक जाम. मग उलथण्यानं खरवडा. मी डीएमला सांगितलं, हे नियमात घ्या : काळ्या चिखलात वेग निम्मा, दर तिसऱ्या फेरीला एक कृती चिखल खरवडण्यात. तो म्हणाला, "तूच स्वतःचं नुकसान करून घेतेस." अहो, नुकसान कसलं! माझ्या पात्राला पावसाची चाहूल सगळ्यांच्या आधी लागते, कारण तिला लागावीच लागते. तीन वेळा आख्खी टोळी वाचवली त्या चाहुलीनं.

आता खऱ्या खुर्चीचं. आमच्याकडं एक गेमिंग कॅफे आहे, नाव घेत नाही. दुसरा मजला, लिफ्ट नाही. मालक भला माणूस, म्हणाला, "ताई, पोरं उचलून नेतील." पहिल्यांदा नेलं. चार पोरांनी खुर्चीसकट उचललं, जिन्याच्या वळणावर माझं डोकं मीटरच्या पेटीला लागलं. वर संडासाचं दार इतकं अरुंद की खुर्ची आत जातच नाही. चार तासांचा खेळ, म्हणून मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. एप्रिल महिना, नांदेड. संध्याकाळी घेरी आली. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत आणि लोकांची ये-जा असलेल्या खासगी जागांनाही सुगम्यतेचे नियम लागू आहेत. तो कागद घेऊन मी जिना चढू का?

आता आमच्याच घरी पडवीत खेळतो. माझ्या पात्राला ड्रॅगन मारता येतो का हा प्रश्न नंतरचा. आधी मला लघवीला जाता येतं का ते विचारा.

नियमावली

चाकवालीताई, चिखलाचा नियम ढापतोय.

खडूस_काका

मीटरची पेटी वाचून वाईट वाटलं. मी बांधकामातला माणूस आहे, माझ्याच्यानं होईल ते सांगतो. रॅम्पचा उतार एकास बारा ठेवायचा. पायरी सहा इंच असेल तर रॅम्प सहा फूट. लोक दीड फुटाची फळी टाकतात आणि म्हणतात केला रॅम्प. त्यावरून खुर्ची मागं उलटते. पडवीला एकच पायरी असेल तर दोन फळ्या, खाली पक्का टेकू, वर बारदान ठोका, घसरत नाही.

भुयारातल्या खुर्चीबद्दल माझं मत आहे तेच आहे. गाड्याचा मुद्दा मात्र मान्य.

कान_मशीन (छत्रपती संभाजीनगर)

कूलरचं प्रकरण. मी पटमांड्याच्या टेबलावरचा. दोन्ही कानांना मशीन आहे.

लोकांना वाटतं मशीन लावलं की ऐकू आलं. मशीन सगळंच मोठं करतं. डीएमचा आवाज, कुरकुऱ्याचं पाकीट, आणि तो पत्र्याचा कूलर. मे महिन्यात पारा बेचाळीसवर. कूलर चालू असला की मला टेबलावर फक्त समुद्र ऐकू येतो. मी ओठ वाचतो, तर आमच्या डीएमनं समोर तो पुठ्ठ्याचा आडपडदा उभा केलेला, आकडे लपवायला. त्यामागून फक्त कपाळ आणि भुवया दिसायच्या. भुवयांवरून किती कळणार? सहा महिने मी "हो, मी पण वार करतो" एवढंच म्हणत खेळलो. सगळ्यांना वाटायचं माझं पात्र रागीट आहे.

शेवटी एकदा बोललो. आता असं करतो. पडदा आडवा पाडला, आकडे वहीत. खेळताना कूलर बंद, पाऊण तास झाला की दहा मिनिटं सुट्टी, तेव्हा चालू. घामाघूम होतात पोरं, पण कुणी कुरकुर करत नाही (एक जण करतो, त्याचा आयडी मला ठाऊक आहे). आणि सुपारी. ज्याच्या हातात सुपारी तोच बोलणार. त्यामुळे मला बघायचं कुणाकडं ते कळतं. गंमत म्हणजे याचा फायदा आवाजीलाही झाला, एकदम पाच जण ओरडायचे तेव्हा त्यालाही कोण काय म्हणतंय ते लागायचं नाही.

एक प्रश्न नियमावलींना : बऱ्याच मंत्रांना उच्चार लागतो. न बोलणाऱ्या माणसानं जादूगार व्हायचंच नाही का?

नियमावली

पुस्तकाप्रमाणे अवघड. पण टेबलावर सरळ ठरवा की त्याचा मंत्र खुणांच्या भाषेत आहे. मग तोंड दाबलं तर त्याचं काही अडत नाही, हात बांधले तर अडतं. हिशेब तोच राहतो. उलट शांतता पसरवणाऱ्या मंत्रात बाकीचे जादूगार मुके होतात आणि हा एकटा चालू. इन्स्पिरआइल्स नावाचा एक खेळ तर खुणांची भाषा शिकवण्यासाठीच केलाय, मंत्र म्हणजे खुणा. तो ब्रिटिश आणि अमेरिकन खुणांचा आहे. भारतीय सांकेतिक भाषा वेगळी, हे विसरू नका.

आवाजी (छत्रपती संभाजीनगर)

माझ्यावर एवढी चर्चा, आणि मी बँकेच्या क्लोजिंगमध्ये. असो.

डोळस मित्रानं अंध साधू खेळावा, मला काही वाटत नाही. फक्त पहिल्या दिवशी तो दर दोन मिनिटांनी टेबलावरचा पेला चाचपडत होता. मी म्हटलं, अरे, पेला तूच ठेवलास ना? मग तो कुठंय ते तुला माहीत असणार. आम्ही वस्तू शोधत नाही, ठेवतो. त्या दिवसापासून त्याचा साधू एकदम बदलला. मुक्कामाच्या खोलीत गेला की आधी प्रत्येक वस्तूची जागा ठरवतो, आणि कुणी हलवली तर भांडतो. आता तो मला ओळखीचा वाटतो.

मला जे खरंच अडलं ते वेगळंच होतं. पटमांड्यानं कॅरॅक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद, मोठ्या प्रेमानं मराठीत करून आणलं. त्याच्या ओळखीच्या डीटीपीवाल्यानं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. कागदावर सुंदर दिसत असेल. माझ्या लॅपटॉपवर एनव्हीडीएनं (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) ते उघडलं आणि इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के यांचा भडिमार सुरू झाला, कारण आत खरी देवनागरी नव्हतीच, नुसतं देवनागरीचं सोंग होतं. युनिकोडमध्ये परत टाइप केलं तेव्हा वाचलं. नियमपुस्तकांच्या पीडीएफचं तेच. दोन रकाने, मधे चौकट, मागं चित्र. वाचणारा प्रोग्राम एका रकान्यातून दुसऱ्यात उडी मारतो आणि तलवारीची किंमत राक्षसाच्या वजनाला चिकटते. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुले आहेत. त्याचा साधा मजकूर करून घेतला, शीर्षकांसकट. आता मी आमच्या टेबलावर सगळ्यात लवकर नियम शोधतो. कुणाला मराठीत करायचे असतील तर परवानगीचाही प्रश्न नाही.

फासा. ब्रेलचे फासे मिळतात, थ्रीडी प्रिंटरवर काढतात, डॉट्स आरपीजी प्रोजेक्टचं त्यात मोठं काम आहे. पण वीस बाजूंवर ठिपके बसवायचे म्हणजे फासा मोठा होतो, आणि वाचताना बोटाचा धक्का लागून उलटतो. मी खोलगट ताटलीत टाकतो. फोनवर बोलणारं फाशाचं अॅप आहे, पण त्यात हाताला काही लागत नाही. फासा हातात खुळखुळला पाहिजे.

आणि तिरंदाजाचं. पटमांड्या आधी म्हणायचा, "तिकडं एक जण उभाय." तिकडं म्हणजे कुठं, बाबा? हातवारे करतोय हे मला कळायचं, कारण शर्टाची बाही वाजायची. आता घड्याळ लावतो : "दोनच्या दिशेला, चाळीस हात, भिंतीआड, वारा डावीकडून." तिरंदाजाला एवढं बस्स. डोळस पोरं पण आता तसंच विचारतात.

नियमावली

आवाजी, फाशावर एक उपाय सुचतोय. चिंचोके! मधून फोडलेले. आत पांढरा, सपाट, खरखरीत; बाहेर काळा, गोल, गुळगुळीत. बोटाला लगेच कळतात. पगडे खेळताना आजी हेच वापरायची. फासे टाकणं आपल्याला नवीन नाही, वेरूळला तर शिवपार्वती सारीपाट मांडून बसलेत.

हिशेब असा. फेट नावाच्या खेळात चार फासे टाकतात, प्रत्येकाच्या दोन बाजू अधिक, दोन उणे, दोन कोऱ्या. निकाल उणे चार ते अधिक चार. आता आठ फोडी टाका, पांढऱ्या किती पडल्या ते मोजा, त्यातून चार वजा करा. निकाल तोच, उणे चार ते अधिक चार. शून्य येण्याची शक्यता फेटमध्ये ८१ पैकी १९, म्हणजे साधारण २३ टक्के. आठ फोडींत २५६ पैकी ७०, म्हणजे २७. फक्त टोकाचे निकाल दुर्मीळ होतात, अधिक चार ८१ पैकी एकदाऐवजी २५६ पैकी एकदा. अर्थात फोडी दोन्ही बाजूंना सारख्या पडतात असं धरून. आधी शंभर वेळा टाकून बघा, ज्या एकाच अंगावर पडतात त्या काढून टाका.

फेटसाठी अपंगत्वावर वेगळं पुस्तकही आहे, एल्सा स्युनसन या बहिऱ्या-अंध लेखिकेच्या पुढाकारातून झालेलं. त्यात अपंगत्व उणे गुणात मोजत नाहीत. साधन काय वापरता, ते बिघडलं तर काय, लोक कसे वागतात, यावर भर.

ज्वारीची_भाकर (औसा)

एक वेगळी गोष्ट सांगते, खेळ सुरू करण्याआधी विचारायची.

गेल्या वर्षी आमच्या डीएमनं पहिल्याच दिवशी मस्त सुरुवात केली : पहाटेची वेळ, जमीन हादरते, छत कोसळतं, तुम्ही ढिगाऱ्याखाली. बाहेरच्या शहरातला मुलगा, त्याची काही चूक नाही. टेबलावर पाच जण, त्यातल्या दोघींच्या घरात किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आसपास. माझ्या मामाचा पाय तेव्हा गेला. मी फासा हातात धरून तशीच बसले.

आता आम्ही जॉन स्टॅव्ह्रोपॉलोस यांचं एक्स कार्ड ठेवतो, आमच्यात त्याला फुली म्हणतात. कुणीही फुलीला हात लावला की तो प्रसंग तिथंच सोडायचा, कारण विचारायचं नाही.

मामावरून आठवलं. तो जयपूर फूट लावतो. १९६८ पासूनचं हे साधन, मांडी घालून बसता येतं, अनवाणी रानात जाता येतं, मामा चिंचेवर चढायचा. माझ्या पात्राला तोच पाय दिलाय. रबरी. डीएमनं विचारलं, जादूचा आहे का? म्हटलं नाही, पण साप चावला तर त्या पायाला काही होत नाही.

पटमांड्या

कालचा वृत्तांत.

दौलताबाद मांडला होता. खंदक, मेंढा तोफ आणि मुख्य म्हणजे अंधारी. बघितली नसेल त्यांच्यासाठी : किल्ल्यात वर जायला डोंगराच्या पोटातून कोरलेला वळणावळणाचा बोगदा आहे, मिट्ट काळोख, वटवाघळं, कुठं पायरी आहे कुठं नाही ते कळत नाही. शत्रूनं आपसात मरावं म्हणून केलेला. मी आदल्या दिवशी शाडूचा नकाशा केला, भिंती बोटभर उंच, पायऱ्यांच्या जागी काड्या, खंदकाच्या जागी खळगा. आवाजीनं दोन मिनिटं हात फिरवला आणि म्हणाला, "तिसऱ्या वळणाला तू चुकून दोन्हीकडं रस्ता ठेवलायस." खरंच ठेवला होता.

टोळी अंधारीत शिरली, वरून पाणी पडलं, मशाली विझल्या. नियमाप्रमाणे सगळी पात्रं आंधळी. साधूवाला पोरगा फॉर्मात, सगळ्यांना रांगेत लावतोय. तिरंदाज मात्र लुळा, बाण मारणार कुठं? मी आवाजीला म्हटलं, आता कसं वाटतंय? हसून म्हणाला, "आंधळं माझं पात्र झालंय, मी नाही. दुसऱ्या वळणापासून अकरा पावलं झाली, पुढं उजवीकडं काड्या आहेत." बाकीच्यांना नकाशा डोळ्यांसमोर असून आठवेना.

आणि नेमकी तेव्हा खरी लाईट गेली. साडेसात, पावसाचं आभाळ, घरात काही दिसेना. आवाजीचं चालूच. कान_मशीनचं मात्र सगळंच बंद पडलं, ओठ दिसेनात. त्यानं सुपारी टेबलावर आपटली. मग मी मोबाइलचा टॉर्च स्वतःच्या हनुवटीखाली धरून पुढची वीस मिनिटं सांगितलं. चाळीस हातांवर दार होतं. बाण लागला.

पुढच्या रविवारी चिंचोके आणतोय, चोवीस फोडून ठेवलेत.

चाकवाली

तुमचं घर कितव्या मजल्यावर आहे?

पटमांड्या

तळमजला. दारात एक पायरी आहे, सात इंच. खडूस काका, म्हणजे सात फूट ना? बारदान आहे घरात.

कान_मशीन

टॉर्च हनुवटीखालून धरू नका, समोरून कुणाला तरी धरायला सांगा. खालून ओठांवर सावली पडते. भूत दिसत होतात, शब्द नाही.